हलगीचा ड्रॉप, पेनड्राईव्ह आणि नसलेला कागद: कोल्हापुरातल्या एका ट्रॅकची पूर्ण केस

दोन पोरं आहेत, एक राजारामपुरीतला आणि एक शिवाजी पेठेतला. दोघं मिळून इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक करतात, लेबल नाही, मॅनेजर नाही. दिवसा एक जण उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतो आणि दुसरा वडिलांच्या दुकानात बसतो, म्युझिक सगळं रात्री. नावं देऊ नको पण केस लिही असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून पुढं एकाला राजारामपुरी आणि दुसऱ्याला पेठ असंच म्हणतो. ट्रॅकचं मिक्स आणि मास्टर माझ्याकडं झालं, त्यामुळं यातलं बरंचसं मी जवळून बघितलंय.

ट्रॅक टेक हाऊस या डान्स म्युझिकच्या प्रकाराच्या अंगाचा, १२६ बीपीएम म्हणजे मिनिटाला १२६ ठोके, किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये केलेले. सगळी गंमत ड्रॉपमध्ये, म्हणजे ट्रॅक चढत जाऊन जिथं सगळा जोर एकदम सुटतो तिथं, कारण तिथं सिंथेसायझरवरची मुख्य धून नाहीच, तिथं हलगी आहे. तयार आवाजांच्या सॅम्पल पॅकमधली नव्हे, खरी वाजवलेली. वाजवणारे मामा करवीर तालुक्यातले, कुस्तीच्या मैदानात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाजवणारे, वय साठीच्या पुढं. रेकॉर्डिंग कळंब्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतातल्या घरात केलं, भिंतींना गाद्या लावून. एक डायनॅमिक माईक कातड्याच्या जवळ आणि एक कंडेन्सर लांब.

आता ज्यांनी हलगी कधी रेकॉर्ड केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, कातडं ताणलं जातं आणि तो कडक आवाज येतो. मग वाजवता वाजवता ती गार होत जाते आणि सूर उतरतो. म्हणजे पहिला टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) आणि चौथा टेक एकमेकांना जोडायला गेलं की कान लगेच सांगतो, हे वेगळं वाद्य आहे. मामांनी अंगणात जाळ करून ठेवलेला, दर टेकच्या आधी बाहेर जायचे, शेकायचे, बोटानं टिचकी मारून ऐकायचे आणि मगच आत यायचे. पेठ आधी वैतागला, वेळ जातोय म्हणून, पण एडिटिंगला बसल्यावर सगळे टेक एका सुरात मिळाले तेव्हा त्याला कळलं की मामा काय करत होते.

दुसरी अडचण तालाची. मामांची चाल सहाच्या वजनातली आणि आमची किक चारची, त्यात जोश आला की मामा वेग वाढवत जातात, आणि ते तसंच वाढवायचं असतं, मैदानात तेच चालतं. पोरांनी पहिल्यांदा प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रीडवर ओढून बसवला. ट्रॅक बरोबर झाला पण मेला. शेवटी फक्त प्रत्येक बारचा, म्हणजे आवर्तनाचा, पहिला ठोका किकवर लॉक केला आणि आतले ठोके मामांनी जिथं मारले तिथंच सोडले, मग तो ड्रॉप जिवंत झाला. हे मी मुद्दाम इतकं सविस्तर लिहितोय, कारण पुढं भांडण "हलगी म्हणजे नुसतं एक इन्स्ट्रुमेंट" या वाक्यावर आलं, आणि ज्यानं तो ड्रॉप ऐकलाय त्याला ते वाक्य पटणार नाही.

मामांना त्या दिवसाचे पैसे यूपीआयवर दिले, जेवण दिलं, गाडीनं घरी सोडलं. कागद काही केला नाही.

मास्टर, म्हणजे वाजवायला तयार अशी अंतिम फाईल, दोन केले. एक स्ट्रीमिंगचा, कारण स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं मायनस १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, त्यामुळं तिथं उगाच ठेचून लाऊड करण्यात अर्थ नसतो, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, मायनस एक डेसिबलच्या खाली ठेवला की एन्कोडिंगमध्ये फाटत नाही. दुसरा मास्टर डॉल्बीसाठी. आपल्याकडं मिरवणुकीतल्या साऊंड सिस्टीमला सगळे डॉल्बीच म्हणतात. तिथं खालचा बेस पूर्ण मोनो लागतो, आवाज जास्त दाबलेला लागतो, आणि ऑपरेटरला आधीच्या गाण्यातनं यायला जागा मिळावी म्हणून सुरुवातीला १६ बारची नुसती हलगी आणि किक ठेवली. हा दुसरा मास्टर कुठंही रिलीज करायचा नव्हता. पेठेनं तो गणपतीच्या आधी ओळखीच्या एका डॉल्बी ऑपरेटरला पेनड्राईव्हवर दिला, पूर्ण दर्जाची वेव्ह फाईल, मध्ये नाव बोलणाऱ्या आवाजाचा टॅग नाही, फाईलमध्ये नाव नाही, काही नाही. हेतू सरळ होता, मिरवणुकीत वाजलं तर लोकांना कळेल.

आणि वाजलं, लई वाजलं. मिरजकर तिकटीला वाजलं, पापाच्या तिकटीला वाजलं, लोकांनी स्टोऱ्या टाकल्या.

यातनं पैसे किती आले, तर शून्य. त्यात कुणी चोरी केली असंही नाही. कॉपीराइट कायद्यातच धार्मिक विधी आणि लग्नाची वरात वगैरेंना सूट आहे, मंडळाची मिरवणूक त्यात नेमकी कुठपर्यंत बसते हा वकिलांचा विषय, पण गावात गाजलं म्हणजे रॉयल्टी येईल हे गणित नव्या पोरांनी डोक्यातनं काढून टाकावं. स्पॉटिफायवरही ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम धरला जातो, आणि २०२४ पासून ज्या ट्रॅकला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच लागू होत नाही. यांचा ट्रॅक तो आकडा पार करून गेला, तरी पहिल्या रिपोर्टची रक्कम तीन आकडीच होती.

रिलीजच्या वेळी पोरांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली होती, ती नोंदवतो. गाणं सगळ्या स्टोअरवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर यूट्यूब कंटेंट आयडीचा पर्याय असतो. तो घेतला की तुमचा ऑडिओ यूट्यूबच्या सिस्टीममध्ये जातो आणि जिथं जिथं तो सापडेल तिथं तुमचा क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, लागतो. यांनी तो घेतला नाही, कारण ट्रॅकमध्ये एक शेकर आणि एक व्होकल चॉप रॉयल्टी फ्री पॅकमधला होता. असे लूप, म्हणजे तयार तुकडे, वापरायला मोकळे असतात पण ते तुमच्या एकट्याचे नसतात, हजार जणांनी तेच वापरलेले असतात, आणि असा ट्रॅक कंटेंट आयडीत टाकला की दुसऱ्यांच्या व्हिडिओवर खोटे क्लेम जातात. राजारामपुरीला हे माहीत होतं, त्यानं टिक केली नाही.

टिक दुसऱ्याच कुणीतरी केली. अनंत चतुर्दशी होऊन थोडे दिवस झाले आणि पोरांच्या स्वतःच्या चॅनलवरच्या स्वतःच्या व्हिडिओवर क्लेम आला, ट्रॅकचं नाव वेगळं, कलाकाराचं नाव वेगळं. पेठेचा फोन मला रात्री आला, तो जवळपास रडत होता. चॅनल जाणार असं त्याच्या डोक्यात बसलेलं. तर आधी हे समजून घ्या, क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडीच्या क्लेमनं व्हिडिओची कमाई दुसरीकडं वळते किंवा काही वेळा व्हिडिओ अडतो, पण त्यानं चॅनलला स्ट्राइक, म्हणजे चॅनल धोक्यात आणणारी ताकीद, बसत नाही. मात्र घाई करावी लागते. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते, उशीर केला तर डिस्प्यूट टाकल्या दिवसापासूनची. आणि समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, तो गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो.

डिस्प्यूट त्याच रात्री टाकला. पुराव्याचं काम माझ्याकडं आलं आणि तिथं तो डॉल्बीचा मास्टर उपयोगी पडला. समोरच्यानं स्टोअरवर चढवलेला ट्रॅक मी ऐकला, तर त्यात ती १६ बारची सुरुवात होती, फक्त वर कुठल्यातरी डीजेच्या नावाचा टॅग चिकटवलेला. ती सुरुवात आम्ही जगात कुठं प्रकाशितच केली नव्हती. म्हणजे ती फाईल माझ्या कॉम्प्युटरवरनं पेनड्राईव्हवर आणि तिथनं पुढं गेलेली, दुसरा मार्गच नाही. माझ्याकडं ती फाईल काढल्याची तारीख, पोरांकडं प्रोजेक्ट फाईल, हलगीचे कच्चे टेक, त्यात मध्येच मामांचा खोकला आणि "परत घ्या रं" म्हणणारा आवाज. कच्चे टेक डिलीट करू नका, हार्डडिस्क भरली तर दुसरी घ्या.

तो पोरगाही सापडला, शेजारच्या तालुक्यातला, कॉलेजात शिकणारा. ऑपरेटरच्या पेनड्राईव्हवरनं कुणीतरी कॉपी केलेली, ती फिरत फिरत त्याच्याकडं आली, त्यानं टॅग लावला आणि स्वस्तातल्या एका डिस्ट्रिब्युटरवरनं टाकून दिली, फॉर्मवर जे जे होतं सगळ्याला टिक. राजारामपुरी फोनवर त्याच्याशी शांतपणे बोलला, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पोरगा घाबरला, रिलीज काढतो म्हणाला, क्लेमही सोडायला सांगितला. पण असं तोंडी ठरल्यावर सगळं लगेच होत नाही, स्टोअरवरनं उतरायला वेळ लागतो, म्हणून पोरांनी स्वतःच्या डिस्ट्रिब्युटरलाही मालकीची तक्रार करायला सांगितलं.

आणि डिस्ट्रिब्युटरनं साधा प्रश्न विचारला. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्याशिवाय कुणी वाजवलंय का, वाजवलं असेल तर त्यांचं लेखी संमतीपत्र पाठवा.

पाठवायला होता फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट.

इथनं माझ्या मते केसचा खरा भाग सुरू होतो, क्लेमचं प्रकरण काय, ते आज ना उद्या मिटणारच होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात साऊंड रेकॉर्डिंगचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्यानं पुढाकार घेऊन रेकॉर्डिंग केलं तो. त्या हिशेबानं रेकॉर्डिंग पोरांचं. पण वाजवणाऱ्याचे स्वतःचे वेगळे हक्क असतात, कलम ३८ पासून पुढं ते दिलेत, ५० वर्षं टिकतात, २०१२ च्या दुरुस्तीत ते आणखी पक्के झाले. त्याचं वाजवणं रेकॉर्ड करायला, त्याच्या प्रती काढायला त्याची परवानगी लागते, आणि वादक म्हणून त्याचं नाव लागलं पाहिजे हाही त्याचा हक्क आहे. रिलीजवर मामांचं नाव कुठंच नव्हतं. पोरांनी लपवलं असं नाही, फॉर्म भरताना तो रकाना रिकामा सोडला, कारण तो भरायची कुणाला सवयच नाही.

आणि ही सवय का नाही हेही बोलायला पाहिजे. हलगी वाजवणारी घरं पिढ्यानपिढ्या गावकीच्या कामाला बांधलेली होती, जातीनं लादलेलं काम, वाजवलं की धान्य द्यायचं, लग्न असो, मयत असो, जत्रा असो. वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेवर कधी छापलं गेलं नाही. आज तेच आपण लॅपटॉपवर करायला लागलो तर ते नुसतं मेटाडेटा अपुरा राहिलं म्हणून सोडून देता येत नाही. मी हे पोरांना तोंडावर सांगितलं. पेठ म्हणाला, "पण पैसे दिलेत की आपण, हलगी म्हणजे नुसतं एक इन्स्ट्रुमेंट हाय." त्यावर त्या दोघांचंच भांडण झालं, राजारामपुरी म्हणाला की मग ड्रॉपमधनं हलगी काढून वाजवून दाखव.

दोघं मामांकडं गेले, मलाही बरोबर नेलं. पोरांना वाटलेलं मामा पैसे मागतील. मामांनी आधी ट्रॅक पूर्ण ऐकला, ब्लूटूथ स्पीकरवर, मान हलवत. मग म्हणाले, "वाजलंय झ्याक. पर पोरांनो, यंदा दोन मंडळांनी आमचा ताफा बोलिवला न्हाई. म्हनत्यात हलगी आता डॉल्बीतच येती. त्या डब्यात मीच वाजतोय आनि मीच घरात बसलोय."

यावर कुणालाच लगेच बोलता आलं नाही. कारण पोरांच्या डोक्यात तेव्हा आणखी एक बेत होता, तो मामांना माहीत नव्हता. कच्च्या टेकमधले ठोके सुटे करून "कोल्हापुरी हलगी" असा सॅम्पल पॅक काढायचा आणि ऑनलाइन विकायचा. चांगला चालला असता, असा आवाज बाहेर कुणाकडं नाही. पण तो पॅक निघाला असता तर जगातला कुठलाही प्रोड्युसर एकदा पैसे देऊन मामांचा ठोका हव्या तितक्या गाण्यांत वापरू शकला असता, मामांना परत कधी न बोलावता. राजारामपुरीनं तिथंच तो बेत सांगून टाकला. मामांनी स्पष्ट सांगितलं, या गाण्यात वाजवलंय ते या गाण्यापुरतं.

कागद वकिलाकडनं करून घेतला, पण अटी त्या घरात बसून ठरल्या, आणि त्या ठरवण्यात मामांच्या मुलीचा मोठा हात होता. ती बी.कॉम. करतीय, तिनं पहिला मसुदा वाचून विचारलं, "निव्वळ उत्पन्न म्हणजे कशातनं काय वजा करणार तुम्ही दादा?" बरोबर प्रश्न होता, कारण मसुद्यात ते लिहिलंच नव्हतं. इंस्टाग्रामच्या जाहिराती, माझी मिक्सची फी, प्लगइन, सगळं खर्चात घातलं तर निव्वळ असं काही उरतच नाही. मग ठरलं, फक्त डिस्ट्रिब्युटरची फी वजा, बाकी खर्च पोरांचा. रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात मामांना २० टक्के.

रचनेच्या हक्कावर जास्त वाद झाला. रेकॉर्डिंग वेगळं आणि रचना वेगळी, हे बऱ्याच इंडिपेंडंट पोरांना उशिरा कळतं. रचनेची रॉयल्टी आयपीआरएसकडनं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडनं, येते, त्यासाठी संगीतकार म्हणून मेंबर व्हायला लागतं. पेठ म्हणाला चाल पारंपरिक आहे, ती कुणाचीच नाही. खरं आहे, मूळ चाल गावोगावी वाजते. पण ड्रॉपच्या आधी जी उठान, म्हणजे हलगीचा चढत जाणारा तुकडा, आहे, जिच्यावर लोक मिरवणुकीत हात वर करत होते, ती मामांनी त्या दिवशी तिथंच बांधली. कच्च्या टेकमध्ये ऐकू येतं, दोनदा चुकतात, तिसऱ्यांदा बसते. मी तो टेक लावून दाखवला. मग रचनेत ४०, ४०, २० झालं. माझं मत विचाराल तर मामांचा वाटा याहून जास्त असायला हवा होता, पण तिघांनी समजून मान्य केलं, म्हणून मी पुढं ताणलं नाही.

कलम १९ बद्दल वकिलांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. हक्क देताना कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. वादकाच्या हक्कालाही हे कलम लागू होतं. म्हणजे नुसतं "मी माझे हक्क देत आहे, सही" असा कागद घेऊन तुम्ही ट्रॅक जगभरच्या स्टोअरवर टाकला तर भारताबाहेर तुमच्या हातात काही नाही. यांनी १० वर्षं आणि जगभर असं लिहिलं, ट्रॅकचं नाव आणि आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख कोड) कागदावर टाकला, आणि सुटे ठोके किंवा लूप विकायला वेगळी लेखी परवानगी लागेल अशी ओळ घातली. शिवाय ट्रॅक स्टेजवर लाइव्ह करायचा झाला तर हलगीसाठी पहिली विचारणा मामांच्या ताफ्याला, ही अट मामांनीच घालायला लावली.

तो कागद गेला आणि तक्रार पुढं सरकली. नकली रिलीज उतरलं, क्लेम ३० दिवस व्हायच्या आतच सुटला. मामांचं नाव फीचर्ड कलाकार म्हणून घातलं. हे करताना काही जण जुना रिलीज काढून नवा टाकतात आणि नवीन आयएसआरसी घेतात, तसं करू नका, रेकॉर्डिंग तेच असेल तर कोड तोच ठेवायचा, नाहीतर आधीचे स्ट्रीम नव्या पानावर येत नाहीत. वाटणी डिस्ट्रिब्युटरच्या स्प्लिटमध्ये टाकली म्हणजे पैसे परस्पर ज्याच्या त्याच्याकडं जातात. मामांचं खातं, पॅन आणि तो अमेरिकन टॅक्सचा फॉर्म मुलीनं भरला. काही स्टोअरवर नाव लगेच दिसलं, एका ठिकाणी अजून जुनंच दिसतंय, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

पेनड्राईव्हवरची ती टॅग लावलेली फाईल मात्र फिरतच राहणार, ती कुणाला परत मागता येणार नाही. आता पोरं डॉल्बीवाल्यांना जे देतात त्यात दर ३२ बारनंतर स्वतःचा आवाजाचा टॅग असतो आणि फाईल ३२० ची एमपीथ्री, वेव्ह नाही. ऑपरेटरची त्यावर काही हरकत नाही, मिरवणुकीत त्यानं फरक पडत नाही.

सॅम्पल पॅकचं म्हणाल तर विषय बंद झाला असं पोरांना वाटलेलं, पण परवा मामांची मुलगीच नवा प्रस्ताव घेऊन आली. पॅक काढायचा, पण तो मामांच्या नावानं, मालकी मामांची, कुठले ठोके द्यायचे आणि कुठली उठान घरात ठेवायची ते मामा ठरवणार, आणि पोरांनी रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचा वाटा घ्यायचा, ३० टक्के. पेठ अजून विचार करतोय, त्याला ३० कमी वाटतंय. मी दोघांना सांगितलंय की आहे तसं मान्य करा, आणि रेकॉर्डिंगला माझे माईक घेऊन जा.